आडवं बीपी, उभं बीपी

तिघे जण तंबूकडे येताहेत, पण चालताहेत दोघंच. मधल्या म्हाताऱ्याचे हात दोघांच्या खांद्यांवर टाकलेले, मान छातीवर लोंबलेली, पाय मागे फरफटताहेत. चौथा एक जण मागून पळत येतोय. त्याच्या एका हातात म्हाताऱ्याची पांढरी टोपी, दुसऱ्या हातात तांब्या. पहाटेचे साडेचार वाजलेत. सासवडच्या पालखीतळाच्या आजूबाजूला राहुट्याच राहुट्या आहेत, कुठे कुठे काकड्याचे टाळ सुरू झालेत, आणि औषधोपचाराच्या या तंबूत रात्रपाळीचे सगळे चहाची वाट बघत बसलेत.

"खुर्ची द्या हो, खुर्ची! बसवा त्यांना. पाणी पाजा."

"बसवू नका!" डॉक्टरबाई आतूनच ओरडतात. "खाली झोपवा. आहे तिथंच झोपवा."

आणणाऱ्यांना ते पटत नाही. बेशुद्ध माणसाला चिखलात आडवं कसं करायचं? तेवढ्यात इंटर्न पोरगा ताडपत्री ओढून आणतो, म्हाताऱ्याला तिच्यावर लांबवतात आणि सिस्टर त्यांचे पाय उचलून एका गाठोड्यावर ठेवतात. अर्धं मिनिटही जात नाही, म्हातारबाबा डोळे उघडतात. वर ताडपत्री बघतात, मग आमची तोंडं बघतात, आणि पहिला प्रश्न विचारतात तो तांब्याचा. तांब्या सुखरूप आहे हे कळल्यावर ते उठायला लागतात. डॉक्टरबाई त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना परत झोपवतात.

"उभ्यानं ओढत आणलं म्हणून इतका वेळ शुद्ध आली नाही," त्या इंटर्नला म्हणतात. "पडला तिथेच आडवा राहू दिला असता तर तिथेच जागा झाला असता. पडणं हाच शरीराचा उपाय असतो. आपण माणसाला परत उभं करतो आणि तो उपाय मोडतो."

बाबा परभणीकडचे आहेत, वय सत्तरीच्या पुढचं. किती पुढचं ते त्यांना नक्की सांगता येत नाही. पहाटे उठून ते फिरत्या शौचालयांच्या रांगेत उभे राहिले, नंबर लागला, आत उकिडवे बसले. "उठलो, दार लोटलं, दोन पावलं टाकली, अन् डोळ्याम्होरं काळं काळं झालं बघा. म्होरचं काई ठाव नाई."

काल एकादशी होती. माउलींच्या पालखीची पुणे ते सासवड ही वाटचाल सगळ्या वारीत लांबीला मोठी, तीसेक किलोमीटरची, आणि मध्ये दिवेघाट. बाबांच्या पोटात काल काय गेलं? दोन केळी, एक राजगिऱ्याचा लाडू, चहा. पाणी? "पाण्याला काय तोटा, माय. पावलापावलाला बाटल्या देतेत लोकं. पर प्यालं की जावं लागतंय, अन् जायला ही रांग." हे कारण सिस्टर दर वर्षी ऐकतात, बायकांकडून तर जास्तच. घसा कोरडा पडला तरी चालेल, आडोसा शोधायची वेळ यायला नको, म्हणून घाट चढतानाही बायका घोट घोटच पितात.

डॉक्टरबाई बोटाला सुई टोचून साखर बघतात. ती ठीक आहे. डोक्याला मार नाही, कोपर खरचटलंय. मग एकामागून एक प्रश्न. पडायच्या आधी छातीत दुखलं का? धडधड झाली का? दम लागला का? संडास डांबरासारखी काळी होते का? या शेवटच्या प्रश्नाचं मला नवल वाटतं. पोटात आतल्या आत रक्त वाहत असेल, तर माणूस असाच उठल्यावर पडतो, असं त्या सांगतात. सगळ्या प्रश्नांना बाबांचं उत्तर नाही असंच आहे.

"अहो, काल संध्याकाळी हितंच तर बीपी बघितलं त्यांचं," टोपी घेऊन आलेला सोबती म्हणतो. "एकदम फसकलास निघालं." बाबांच्या बंडीच्या खिशातून चुरगळलेली चिठ्ठी निघते. १३८/८२.

तंबूच्या पुढच्या बाजूला बीपीची रांग लागते, तिथली ही चिठ्ठी. एक प्लास्टिकची खुर्ची, एक टेबल, एक डिजिटल यंत्र. माउली बसतात, दंडाला पट्टा बांधला जातो, तो फुगतो, सुटतो, आकडा चिठ्ठीवर येतो, पुढची माउली बसते. दिवसभरात किती जण तपासले याची नोंद रजिस्टरात होते आणि संध्याकाळी तो एकूण आकडा फोटोंबरोबर मोबाइलवर फिरतो. या रांगेला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. आपल्याला बीपी आहे हे कितीतरी जणांना तिथेच पहिल्यांदा कळतं. पण ती खुर्चीत बसलेल्या माणसाचं बीपी सांगते, आणि बाबा काही खुर्चीतून पडलेले नाहीत.

"आता झोपून आणि उभं, दोन्ही घेऊ," डॉक्टरबाई इंटर्नला सांगतात. "पाच मिनिटं आडवं राहू दे. घाई करायची नाही. तोवर बोलायचंही नाही त्यांनी."

ही शेवटची अट बाबांना जड जाते. ते ओठ हलवत नामस्मरण करतात आणि डॉक्टरबाई तिकडे काणाडोळा करतात.

पाच मिनिटं फार मोठी असतात हे अशा वेळी कळतं. बाबांच्या गळ्यातली तुळशीची माळ आडवं झाल्यामुळे एका बाजूला घसरलीय. तिच्या जरा वर, जबड्याच्या कोपऱ्याखाली, बोट दाबलं की नाडी लागते. तिथे मेंदूकडे जाणारी धमनी दोन फाट्यांत विभागते आणि त्या फाट्यापाशी, धमनीच्या भिंतीतच, ताण ओळखणारे मज्जातंतूंचे शेंडे आहेत. तसेच शेंडे हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीतही आहेत. माणूस उभा राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त वरून खाली उतरतं, पायांत आणि पोटात साचतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडतं, म्हणून ते पुढे ढकलतं तेही कमी, आणि दाब घसरतो. मेंदू सगळ्यात उंचावर; गच्चीवरची टाकी अर्धी झाली की वरच्या मजल्यावरच्या नळाची धार आधी बारीक होते, तसं त्याचं होतं. पण निरोगी माणसाला यातलं काही जाणवत नाही. दाब पडल्याबरोबर गळ्यातल्या त्या शेंड्यांकडून मेंदूच्या तळाशी जाणारे संदेश विरळ होतात, आणि तिथून लगोलग हुकूम सुटतो: ठोके वाढव, खालच्या रक्तवाहिन्या आवळ. काही सेकंदांत सगळं पूर्ववत होतं. आपण अंथरुणातून उठून दूध तापवायला जातो तेव्हा शरीरानं एवढं सगळं केलेलं असतं, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

वय झालं की हे शेंडे मंदावतात, रक्तवाहिन्या कडक होतात, हृदयाचा वेग पटकन वाढत नाही. त्यात अंगातलं पाणी कमी झालं की सावरायला जागा उरत नाही.

"१४६/८४. नाडी ७४," इंटर्न सांगतो.

बाबांना उठवून उभं करतात. दोन बाजूंना दोघे सोबती, पण आधार द्यायचा नाही, नुसतं जवळ राहायचं. इंटर्न त्यांचा पट्टा बांधलेला हात पुढे, छातीच्या उंचीवर धरतो. हात खाली लोंबता राहिला तर यंत्र दाब आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं आणि घसरण लपून जाते. एक मिनिट झालं. ११६/७२, नाडी ९४. बाबा म्हणतात, काही होत नाही. मग म्हणतात, जरा हलकं हलकं वाटतंय. तिसरं मिनिट. ११०/७०, नाडी ९८.

"बसा बाबा." डॉक्टरबाई इंटर्नकडे वळतात. "किती पडलं?"

"छत्तीस."

"तीन मिनिटांत वरचा आकडा वीसनं किंवा खालचा दहानं पडला, की त्याला नाव द्यायचं. हे १९९६ मध्ये ठरलंय. पण नाव देऊन भागत नाही. नाडी किती वाढली?"

"चोवीस."

"म्हणजे मज्जातंतू काम करताहेत. हुकूम सुटतोय, हृदय तो ऐकतंय. मग कमी काय पडतंय? त्यांच्या गोळ्या काढायला सांग."

कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकची थैली निघते. तिच्यात अंगारा, विड्याच्या सुपाऱ्या, आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन पाकिटं. एक टेल्मिसार्टनचं, पण त्याच गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइडही आहे, ज्याला सगळे पाण्याची गोळी म्हणतात. लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारी. दुसरं टॅमसुलोसिनच्या कॅप्सूलचं, प्रोस्टेटसाठी. प्रोस्टेटजवळचा स्नायू ती सैल करते आणि लघवी मोकळी होते. पण तसल्याच स्नायूंचं वेष्टन रक्तवाहिन्यांनाही असतं, आणि थोड्याफार प्रमाणात तेही सैलावतं. शेंडे हुकूम देतात आवळायचा आणि कॅप्सूल सांगते सोडायचं.

"उपास होता, घाट होता, तरी काल दोन्ही घेतल्या?"

"गोळी कशी चुकवायची? डागदरनं सांगितलंय, काई झालं तरी चुकवायची नाई."

"दोन्ही एकाच डॉक्टरनं दिल्या?"

"नाई. ही बीपीच्या, ही लघवीच्या."

"त्या दोघांना एकमेकांचं ठाऊक आहे?"

"त्यांनी इचारलंच नाई. म्या कशाला सांगू?"

डॉक्टरबाई हसत नाहीत. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या पिशव्या अशाच भरतात. दोन तज्ज्ञ, दोन चिठ्ठ्या, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि त्यांची गाठ पडते ती थेट रुग्णाच्या रक्तवाहिनीत. त्या पाकिटावरून बाबांच्या गावच्या डॉक्टरांचा नंबर वाचतात, पण पहाटे पाचला फोन लावणं बरं नाही म्हणून तो लिहून ठेवतात. ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून बाबांसमोर येतं. दोन तासांत संपवायचं. आजची पाण्याच्या गोळीची जोडगोळी थांबवायची, कॅप्सूल रात्री जेवून झोपतानाच घ्यायची, पुढचं गावच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

शेजारी गुडघ्याला तेल चोळून घेत बसलेल्या एका माउलींनी यातलं एवढंच ऐकलंय की गोळी थांबवली. "मग मी बी बंद करू का, बाई? मला बी गरगरतं." त्यांचंही झोपून आणि उभं बघितलं जातं. उभ्यानं १७४. "तुमची बंद केली तर पंढरपूरऐवजी दवाखान्यात जाल," डॉक्टरबाई म्हणतात. "गरगरणं एकच दिसतं, माणसं वेगळी असतात." माउलींना हा न्याय पसंत पडत नाही.

उजाडलंय. चहा आलाय. सिस्टर चहा पिता पिता सांगतात की घाटात पडणारे कमी, मुक्कामाला पडणारे जास्त. मला आधी ते उलटं वाटतं. पण चालताना पोटरीचे स्नायू दर पावलाला नसांमधलं रक्त पिळून वर ढकलतात आणि नसांतल्या झडपा ते खाली उतरू देत नाहीत. चालणारा माणूस स्वतःच्या पायांनी स्वतःचा दाब राखत असतो. थांबला, निजला, घामानं सुकला आणि मग एकदम उठला, की हिशेब चुकतो.

आता पायांच्या फोडांची गर्दी सुरू झालीय. वारीतल्या कुठल्याही तंबूत सगळ्यात जास्त काम याचंच. बादल्या, पोटॅशियमचं जांभळं पाणी, मलम, पट्ट्या. लातूरकडच्या एका मावशींचा नंबर येतो. साठीच्या आसपासच्या, हिरवं नऊवारी, कपाळावर बुक्का. दिंडीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्यांपैकी त्या एक. टाचेला रुपयाएवढा फोड, फुटून आत लाल झालेला. इंटर्न मेलेली कातडी कापतो, कापताना त्याचाच चेहरा वाकडा होतो, पण मावशी शेजारणीशी गप्पा मारताहेत. कात्री मांसाला लागते तरी त्यांचं वाक्य तुटत नाही.

डॉक्टरबाई दुसऱ्या रुग्णाचा दंड सोडून इकडे बघतात.

"मावशी, दुखत नाही?"

"न्हाई बाई. माझे पाय लई धीराचे."

"शुगर किती वर्षांची?"

"धाकटी पोटात होती तवापासून म्हणायची. तिचं पोरगं आता बारावीला हाय."

पायांत मुंग्या? होत्या, आता त्याही नाहीत. चप्पल पायातून निसटलेली कळते का? मागून कुणीतरी हाक मारली की कळतं. चक्कर? अजिबात नाही. बसून बीपी घेतलं जातं. जरा जास्तच निघतं. मग डॉक्टरबाई विचारतात, आणखी काही दुखतंय का, आणि मावशी सहज, तक्रार न करता सांगतात की मान आणि खांदे भरून येतात. तुळस डोक्यावर असते, तेवढं चालायचंच.

"तुळस नसताना दुखतात?"

मावशी थांबतात. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नाही, त्यांनी स्वतःलाही नाही. "सकाळी उठल्यावर दुखतात की. तवा कुठली तुळस? अन् जेवून उठलं की. जरा आडवं झालं की जातंय."

उभं राहिलं की मानेत आणि दोन्ही खांद्यांवर, शर्ट टांगायच्या हँगरच्या आकारात दुखायचं आणि आडवं झालं की थांबायचं, हे मला आज पहिल्यांदा कळतंय. दाब पडला की त्या उंचावरच्या स्नायूंनाही रक्त कमी पोचतं. डॉक्टरी पुस्तकात या दुखण्याला नावच हँगरवरून पडलंय. मावशींनी ते इतकी वर्षं तुळशीच्या नावावर खपवलंय, आणि देवाचं ओझं असल्यामुळे त्याबद्दल कुरकुर करायचा प्रश्नच आला नाही.

ताडपत्रीवर आता मावशी आडव्या होतात. पाच मिनिटं. १६८/९२, नाडी ८६. उभ्या राहिल्यावर एक मिनिटानं १२२/७०, नाडी ८८. इंटर्न यंत्राकडे दोनदा बघतो. तीन मिनिटं. ११४/६६, नाडी ८९.

चोपन्ननं दाब पडलाय आणि हृदय तीन ठोक्यांवर हललंय.

"बाबांची नाडी आठव," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणतात. "दाब एकनं पडला तर नाडी निदान अर्ध्यानं वाढायला हवी. इथे हुकूम पोचतच नाही. वायरिंगच गेलंय." साखरेनं पायांचे मज्जातंतू मारले, तसेच आतले, आपल्या नकळत चालणारे मज्जातंतूही मारले. पाय धीराचे होते ते असे.

१९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॅडबरी आणि एगलस्टन या दोन डॉक्टरांनी अशाच तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली होती: उठून उभे राहिले की बेशुद्ध पडणारे, घाम न येणारे, उन्हाळ्यात जास्त बिघडणारे, आणि दाब कोसळत असतानाही नाडी जागची न हलणारे. दंडाला पट्टा बांधून ठोके ऐकायची पद्धत तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. त्यांच्याकडे औषध फारसं काही नव्हतं, पण त्यांनी रुग्णाला झोपवून आणि उभं करून मोजलं. एवढं करायला अजूनही तेवढाच वेळ लागतो.

मावशींशी कुणी बोललं तर त्या उत्तर देताहेत. मग देत नाहीत. सिस्टर विचारतात, "मावशी, बरं वाटतंय ना?" मावशींची नजर समोरच्या बांबूवर लागलीय आणि ओठ किंचित उघडे आहेत. त्या पडलेल्या नाहीत, पण तिथे नाहीतही.

डॉक्टरबाई पुढे होऊन त्यांचे दोन्ही दंड धरतात. "मावशी, एक पाय दुसऱ्यापुढनं आडवा टाका. मुरलीधर उभा असतो तसा. हां. आता मांड्या आवळा, गच्च. ढुंगण आवळा. आवळून धरा." इंटर्न यंत्राचं बटण दाबतो. पट्टा फुगतो. आम्ही सगळे त्या आकड्यांकडे बघतोय. १३४. मावशींच्या डोळ्यांत ओळख परत येते.

"इठोबाच्या वाटंवर मुरलीधर करताय व्हय मला?" त्या म्हणतात, आणि तंबू हसतो.

विठोबासारखं दोन्ही पाय जुळवून ताठ उभं राहणं या आजारात सगळ्यात वाईट, हे डॉक्टरबाई त्यांना जपून सांगतात. डोळ्यांपुढे अंधारी आली तर पायाला पाय घालून आवळायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर जागीच उकिडवं बसायचं, लाजायचं नाही. उकिडवं बसलं की पायांतलं रक्त दाबून वर येतं. मात्र तिथून परत उठताना पुन्हा एकदम उठायचं नाही, नाहीतर आजच्या पहाटेचे बाबा होतील. सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच, दोन मोठे पेले साधं पाणी गटागटा प्यायचं. मीठसाखरेचं नाही, साधंच. मज्जातंतू गेलेल्या माणसात नुसत्या अर्धा लिटर पाण्यानं दाब पाच-दहा मिनिटांत चढू लागतो आणि अर्ध्या तासाच्या सुमाराला सगळ्यात वर असतो. यंत्रावर बघितल्याशिवाय माझा यावर विश्वास बसला नसता. पेले रिचवून बसलेल्या मावशींचं उभं बीपी थोड्या वेळानं घेतलं जातं तेव्हा ते १३८ आहे, आणि या वेळी पाय सरळ आहेत.

अवघड भाग पुढेच आहे. उभ्यानं ११४ असणाऱ्या बाईचं झोपून १६८ आहे. दाब वाढवायचं औषध द्यावं तर झोपलेला आकडा आणखी चढतो आणि रात्रभर हृदयाला, मेंदूला छळतो. झोपलेला आकडा खाली आणावा तर सकाळी त्या चुलीपाशी कोसळतात. अशा रुग्णांसाठी गोळ्या आहेत, पण तंबूत बसून सुरू करायच्या नव्हेत. घरी गेल्यावर खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवायच्या, म्हणजे नुसती मान नाही, सगळं अंगच उतारावर राहील. रात्री झोपेतला दाब त्यानं कमी होतो आणि लघवीवाटे जाणारं मीठपाणीही वाचतं. विटेचं नाव काढल्यावर मावशी आणि शेजारीण एकमेकींकडे बघून हात जोडतात. डॉक्टरबाईंच्या ते लक्षात येत नाही. त्या किती इंचांच्या विटा ते सांगण्यात गढल्यात.

"आणि दुपारच्या उन्हात दिंडीच्या ट्रकमध्ये बसायचं."

"ते न्हाई जमायचं."

"तुळस?"

"तुळस म्या सोडणार न्हाई."

यावर बरीच घासाघीस होते. दिंडीतल्या आणखी दोघी मध्ये पडतात. शेवटी ठरतं ते असं: बसल्या जागी तुळस डोक्यावर घेऊन उठायचं नाही, मावशींनी आधी उठायचं, जागच्या जागी पावलं टाकायची, मग दुसरीनं तुळस डोक्यावर द्यायची. जेवणानंतर तासभर तुळस दुसरीकडे, कारण पोट भरलं की रक्त आतड्यांकडे वळतं आणि हा दाब जेवणानंतर आणखी पडतो. पायात मोजे आणि बूट, अनवाणी अजिबात नाही. आषाढीनंतर लातूरला फिजिशियनकडे, ही चिठ्ठी घेऊन. मावशी चिठ्ठी घडी करून कनवटीला लावतात. ट्रकचा विषय पुन्हा काढायचं कुणाला धाडस होत नाही. डॉक्टर म्हणून बाईंनी याहून जास्त ताणायला हवं होतं का? मला तसं वाटत नाही. मनाविरुद्ध ट्रकमध्ये बसवलेली मावशी पुढच्या वळणावर उतरली असती, आणि मग तिच्याबरोबर ना चिठ्ठी गेली असती ना मुरलीधर.

समोरच्या राहुटीत द्वादशीचं पारणं चाललंय. पंगती उठताहेत. परभणीचे बाबा ओआरएस संपवून तिकडे गेलेत. मगाशी त्यांचं पुन्हा मोजलं तेव्हा झोपून १४८, उभं १३२ होतं. आता ते पत्रावळीपुढे बसलेत, जेवण झालंय, आणि सोबती त्यांना हात धरून उठवायला बघतोय. बाबा त्याला थांबवतात. पाय लांब करतात, घोटे वरखाली हलवतात, कुणाला तरी काहीतरी समजावून सांगतात. वाढपी पातेलं घेऊन ताटकळलाय, पुढची पंगत बसायचीय.

बीपीच्या रांगेत आज इंटर्नला बसवलंय. त्यानं रजिस्टरातल्या बीपीच्या रकान्यात पट्टीनं मधोमध रेघ मारलीय आणि ज्याला गरगरतं, जो एकदा तरी पडलाय, ज्याच्या पिशवीत दोनपेक्षा जास्त पाकिटं आहेत त्याला तो ताडपत्रीवर पाठवतोय. ताडपत्री एकच आहे. रांग रस्त्यापर्यंत गेलीय. तंबूची व्यवस्था बघणारे गृहस्थ येतात, घड्याळ बघतात, रजिस्टर उलटून बघतात.

"काल या वेळेला दीडशे झाले होते," ते म्हणतात.

"आज साठ झालेत, सर," इंटर्न म्हणतो. "पण त्यातले नऊ जण उभे राहिल्यावर पडतात."

"बसून नॉर्मल आहेत ना?"

"हो."

गृहस्थ जरा विचार करतात. मागून कुणीतरी ओरडतं, "अहो माउली, पुढं सरका की, आरतीपत्तूर हितंच उभं करताय का?" गृहस्थ इकडेतिकडे बघतात आणि आणखी एक ताडपत्री कुठे मिळेल ते विचारायला शेजारच्या तंबूत जातात.